मिरगाचा नारळ

सरकारी संकेतस्थळावर माझ्या धंद्याच्या नावासमोर ‘रद्द’ हा शब्द वाचला तेव्हा मला पहिल्यांदा शिसारी आली. भाताच्या घासात झुरळ निघाल्यावर येते तशी. भीती त्यानंतर वाटली.

वाचायला लावलं ते गोव्याच्या व्यापाऱ्यानं. मालवणपासून थोड्या अंतरावर माझी पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही कोकमाचं आगळ, म्हणजे खारवलेला घट्ट रस, आणि सरबत करतो. एप्रिल-मेमध्ये कोकमाची फळं, रातांबे, फोडायचे, आगळ पिंपांत भरून ठेवायचं, आणि पावसाळा सरला की बाटल्या भरून विकायच्या. वाडीतल्या पाच बायका माझ्याकडे कामाला येतात. माल थोडा मालवणच्या बाजारात जातो, पण खरा खप गोव्यात. दुसऱ्या राज्यात माल द्यायचा तर जीएसटीचा नंबर लागतोच, धंदा कितीही लहान असो. म्हणून चार वर्षांपूर्वी तो घेतला. या नंबरावर माझी शेड उभी आहे असं म्हटलं तरी चालेल.

डिसेंबर सुरू होता. नाताळचा माल भरायची घाई होती आणि बायका ओळीनं बसून बाटल्यांना लेबलं लावत होत्या. तेवढ्यात त्याचा फोन आला.

“तुमचो नंबर रद्द जाल्लो दाखयता,” तो म्हणाला. “आता हांव माल कसो घेवं?”

मी म्हटलं, काहीतरी चूक असेल. तो म्हणाला, चूक असेल तर दुरुस्त करून घ्या, तोपर्यंत माल धाडू नका. फोन ठेवताना त्यानं एवढंही सांगितलं की नाताळाला तो थांबू शकत नाही, दुसरीकडून घेईल. बायका हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना लेबलं लावत राहायला सांगितलं आणि फोनवर संकेतस्थळ उघडून बघितलं. ‘रद्द’च होतं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती आग कुणावर ओतायची हे मला लगेच कळलं. आमचा करसल्लागार. मालवणच्या बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर त्याचं ऑफिस आहे. माझा शाळेतला सोबती, एका बाकावर बसलेला. नंबर त्यानंच काढून दिला होता, महिन्याच्या महिन्याला विवरणपत्रं तोच भरायचा, आणि नोंदणीत मोबाईलही त्याचाच दिलेला. म्हणजे सरकारकडून जे काही यायचं ते त्याच्या फोनवर. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. मी आगळ करतो, तो कागद करतो, असा माझा सरळ हिशोब.

मोटारसायकल काढली आणि तडक त्याच्याकडे गेलो. माडीवर तिघेचौघे बसले होते. मी कुणाकडे बघितलं नाही. त्याला चोर म्हटलं. माझे पैसे खाऊन झोपा काढतोस म्हटलं. माझ्या तोंडून आणखी काय काय गेलं ते इथे लिहीत नाही. आठवलं की माझीच मला किळस येते. माझं बोलणं संपल्यावर त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“माका तू सोडलंस मां मिरगाक?” तो म्हणाला. “सोडललो खलाशी होडयेक हात लावणा नाय.”

आणि मग म्हणाला, “तुजे कागद इले तसे मी तुका धाडलंय. फोन बघ तुजो.”

हे समजायला आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल. माझ्या वडलांच्या दोन होड्या होत्या. मृग लागला, आमच्या बोलीत मिरग इलो, की होड्या वर ओढायच्या आणि खलाश्यांचा हिशोब मिटवायचा. प्रत्येकाच्या हातात पैसे आणि वर एक नारळ. नारळ हातात पडला की माणूस सुटला. मग नारळी पुनवेपर्यंत त्याला मजुरी नाही आणि होडीशी त्याचा काही संबंधही नाही. होडी वाहून चालली असली तरी सुटलेला खलाशी तिच्या दोराला हात लावत नसे. पुनवेला मालकानं स्वतः त्याच्या दारात जायचं, नारळ द्यायचा आणि बोलवायचं. निरोप चालत नाही. माझे वडील तापानं फणफणलेले असतानाही काठी टेकत खलाश्यांच्या दारोदार गेल्याचं मी पाहिलं आहे.

होड्या केव्हाच विकल्या, पण ही रीत माझ्या डोक्यात चिकटून राहिली. पावसाळ्याचे चार महिने माझी शेड बंद. जूनपासून एक बाटली विकली जात नाही. मग करसल्लागाराला महिन्याचे पैसे कशाला द्यायचे? विक्रीच नाही तर विवरणपत्र कसलं? पहिली तीन वर्षं मी त्याला फोनवर सांगायचो, “मिरग इलो रे, आता पुनवेपर्यंत तुजो हिशोब बंद.” तो “बरां” म्हणायचा. पुनवेला मी चक्कर मारायचो, चहा व्हायचा, काम परत सुरू.

चौथ्या वर्षी मला गंमत सुचली. मृगाच्या दिवशी नारळ घेऊन मी त्याची माडी चढलो. ऑफिस भरलेलं होतं. मी नारळ त्याच्या टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “मिरग इलो. तुजो हिशोब मिटलो. आता घराकडे जा आणि जाळी शिवीत बस.”

लोक हसले. मीही हसलो. तोही थोडा हसल्यासारखा वाटला. मी खूश होऊन जिना उतरलो.

त्याचे वडील आमच्या होडीवर खलाशी होते. पावसाळाभर घरी बसून जाळी शिवायचे. हे त्या वेळी माझ्या ध्यानात नव्हतं असं मी नंतर बायकोला सांगितलं. ते खोटं होतं.

आणि त्या वर्षी नारळी पुनवेला मी गेलो नाही. पाऊस होता, कंटाळा आला. व्हॉट्सॲपवर ‘काम सुरू कर’ असा एक ओळीचा निरोप धाडला आणि मोकळा झालो. ऑक्टोबरपासून विक्रीच्या बिलांचे फोटो त्याला पाठवत राहिलो. त्याच्याकडून उत्तर येत नव्हतं. मला वाटलं, काम करतोय.

तर आता त्या माडीच्या पायऱ्यांवर उभं राहून मी फोन बघितला. सुप्रभात, गुलाबाची फुलं, दिवाळीच्या शुभेच्छा, कुणाच्या तरी मुंजीचं आमंत्रण, आणि त्या सगळ्या कचऱ्यात त्यानं धाडलेल्या तीन फायली. एकही मी उघडली नव्हती. पहिली: विवरणपत्र भरलं नाही. दुसरी: नोंदणी रद्द का करू नये याचं कारण सात दिवसांत द्या. तिसरी: रद्द. त्यानं त्यांच्यासोबत स्वतःचा एक शब्दही लिहिला नव्हता.

मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. उलट आणखी चीड आली. फोन करून सांगता येत नव्हतं काय? तोंड शिवलं होतं काय? मग मी ठरवलं की त्याच्यावाचून काम करून दाखवायचं.

दुसऱ्या दिवशी मी कर कार्यालयात गेलो. खाली चहाच्या टपरीवर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक माणूस माझ्या हातातली पिशवी बघूनच जवळ आला. “रद्द झालंय?” त्यानं विचारलं. “वरती जाऊ नका, उगाच अडकाल. माझ्याकडे द्या, आतून मिटवून देतो.” आत कोण, मिटवणार काय, हे तो बोलत नव्हता. नुसता हसत होता, आणि त्याच्या हसण्याला त्या चहाच्या कढलेल्या दुधासारखा वास होता. मला किळस आली. तरी मी त्याला विचारलं, “किती?” हेही मी लिहून ठेवतो, कारण नाहीतर या गोष्टीत किळसवाणा तेवढा तोच ठरेल. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून मी वर गेलो. आकडा कमी असता तर गेलो नसतो.

वर एक तरुण अधिकारी बाई होत्या. मी त्यांना तावातावानं सांगायला सुरुवात केली. आमचा धंदा हंगामी, पावसाळ्यात एक रुपयाची विक्री नाही, तर आम्ही भरायचं काय, पावसाचं पाणी? त्यांनी ऐकून घेतलं. मग संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

“विक्री नसली तरी विवरणपत्र भरायचंच असतं. शून्य लिहून भरायचं,” त्या म्हणाल्या. “आणि एक राहिलं की पुढचं भरता येत नाही. मे महिन्यापासून तुमचं एकही आलेलं नाही.”

“मग मागच्या वर्षी कसं चाललं?” मी विजयानं विचारलं. “तेव्हाही पावसाळ्यात बंदच होतं. त्याच्या आदल्या वर्षीही.”

त्यांनी दोन-तीन कळा दाबल्या. “मागच्या वर्षी तुमची पावसाळ्यातली सगळी शून्य विवरणपत्रं वेळेवर आलीत. त्याच्या आदल्या वर्षीही. पहिल्या वर्षीही. हे बघा ना, एकही दिवस उशीर नाही.” मग त्यांनी मनापासून विचारलं, “याच वर्षी काय झालं?”

मी पडद्यावरचे महिने वाचत गेलो. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. शून्य, शून्य, शून्य, शून्य. तीन वर्षं. पुनवेपर्यंतच्या महिन्यांचे पैसे मी त्याला दिले नव्हते. वर तोंड करून तसं सांगितलंही होतं. आणि तो “बरां” म्हणून दर महिन्याला माझं शून्य भरत होता आणि त्याबद्दल एका अक्षरानं बोलला नव्हता.

बाईंनी सांगितलं की आदेशापासून नव्वद दिवसांत नोंदणी परत चालू करण्याचा अर्ज करता येतो. आधी राहिलेलं सगळं भरा, दंड भरा, कारण लिहा. “कुणी जाणकार आहे ना तुमच्याकडे?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

परत येताना एसटीत खिडकीशी बसून मी स्वतःच्या हातांकडे बघत होतो. वर्षानुवर्षं कोकम हाताळून माझ्या नखांच्या कडा काळपट झाल्या आहेत. ते हात मला इतके ओंगळ कधी वाटले नव्हते.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. नारळाचंही. तोवर तिला ते ठाऊक नव्हतं. ती तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“तेच्या बापाशीक सोडीत तसां तेका सोडल्यात,” ती म्हणाली, “आणि आता तोच चोर?”

मी म्हटलं, वडील खलाशी होते हे माझ्या डोक्यात नव्हतं. तिनं हात झटकले. मग आत जाऊन एक नारळ आणला, शेंडी नीट केली आणि माझ्यापुढे ठेवला. “तेच्या घराकडे जावा. ऑफिसात नको.”

त्याचं घर आमच्या जुन्या होड्या ओढायच्या तिथून जवळच. लहानपणी मी वडलांबरोबर पुनवेला तिथे जायचो. ओसरीवर त्याचे वडील बसले होते. ऐंशीच्या पुढचे, ऐकू कमी, नजर अंधुक. अंगणात माझी चाहूल लागली, हातातला नारळ दिसला, आणि ते म्हातारं माणूस भिंतीला धरून उभं राहिलं.

“इल्यात?” ते म्हणाले. “मी तयार आसंय.”

त्यांनी मला माझे वडील समजून हात पुढे केला होता. आयुष्यात मला स्वतःचा एवढा तिटकारा कधी आला नाही. मी नारळ धरून खांबासारखा उभा. तेवढ्यात करसल्लागार आतून आला. त्यानं वडलांना धरून खाली बसवलं आणि माझ्याकडे वळला.

“तेंच्या हातात देव नको. माका दी.”

मी दिला. त्यानं तो घेतला, आत नेऊन ठेवला आणि पायरीवर येऊन बसला. माफी मागायची म्हणून मी वाटेत वाक्यं जुळवत आलो होतो. त्याऐवजी मी विचारलं, तीन वर्षं पावसाळ्यात फुकट का भरलंस?

“दोन मिनटांचा काम,” तो म्हणाला. “तेचे काय पैशे घेवचे?”

“मगे ह्या वर्षी?”

“ह्या वर्षी तू नारळ दिलंस.”

एवढंच. आवाज चढला नाही, टोमणा नाही. मी मार खायला तयार होतो, तोही त्यानं दिला नाही.

दुसऱ्या सकाळी त्यानं कामाला हात घातला. मे महिन्यापासूनची बिलं एकेक करून मागितली. राहिलेली विवरणपत्रं क्रमानं भरली, दंड भरायला लावला. अर्जात कारण लिहायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, तब्येत बरी नव्हती असं लिही, डॉक्टरचा दाखला मी आणतो. त्यानं मान हलवली. “जां झालां तांच लिवायचा,” तो म्हणाला, आणि लिहिलं: पावसाळ्यात धंदा बंद असल्यामुळे विवरणपत्र भरायची गरज नाही असा समज झाला. सुनावणीला मलाच पाठवलं. त्या अधिकारी बाई कारण वाचून म्हणाल्या की किनाऱ्यावरून हेच कारण घेऊन येणारा मी पहिला नाही.

नंबर परत चालू झाला तेव्हा जानेवारी संपत आला होता. नाताळ गेला होता. गोव्याच्या व्यापाऱ्यानं दुसरीकडून माल उचलला होता आणि त्याला तो बराही वाटला होता. तरी निम्मी मागणी त्यानं माझ्याकडे ठेवली. मला दोन बायकांना उन्हाळ्यापर्यंत येऊ नका म्हणून सांगावं लागलं. त्यांतली एक म्हणाली, “तुमचो नंबर गेलो म्हणान आमचां काम गेला?” तिला कुठल्या तोंडानं सांगणार की नंबर गेला माझ्या विनोदापायी.

त्याच्याशी आता सगळं ठीक झालं असं मला वाटत होतं. पैसे मी वेळच्या वेळी देत होतो, त्याच्या फायली लगेच उघडत होतो. यंदा पावसाळ्याचेही पैसे द्यायचे, आणि आधीच्या वर्षांचेही पाकिटात घालून द्यायचे असं मी ठरवलं होतं. पाकीट तयार होतं.

मृगाच्या दिवशी शेडमध्ये आवराआवर चालली होती. पिंपं झाकून झाली होती, पाचही बायका हजर होत्या, गोव्याच्या व्यापाऱ्याचे रिकामे क्रेट न्यायला टेम्पो लागला होता. तो आला. चालतच आला होता, हातात पिशवी. मी खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. पिशवीतून त्यानं एक नारळ काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

“मिरग इलो,” तो म्हणाला. “तुजो हिशोब मिटलो.”

बायका थांबल्या. टेम्पोवालाही बघत होता. कुणी हसलं नाही. जाळी शिवायचं त्यानं काही म्हटलं नाही. नारळाशेजारी त्यानं एक कागद ठेवला; त्यावर संकेतस्थळाचं नाव आणि परवलीचा शब्द नीट अक्षरात लिहिला होता. नोंदणीतला मोबाईल बदलून त्यानं माझा घातला होता. मेचं विवरणपत्र तेवढं भरून टाकलं होतं. मी पाकीट पुढे केलं. त्यानं ते बघितलंसुद्धा नाही, आणि जसा आला तसा चालत गेला.

आता मी स्वतःच भरतो. जुलैच्या वीस तारखेच्या आत जूनचं, ऑगस्टच्या वीसच्या आत जुलैचं. फोनवर आकडा येतो, तो टाकायचा, शून्य, दाखल. पहिल्यांदा मला पाऊण तास लागला आणि घाम फुटला. दुसऱ्यांदा दोन मिनिटं लागली. त्यानं सांगितली होती तेवढीच.

नारळी पुनवेला मी सकाळी आंघोळ करून ओसरीवर बसलो. कशासाठी बसलाय असं बायकोनं विचारलं नाही. रस्त्यावरून माणसं नारळ घेऊन बंदराकडे जात होती. आमच्या फाटकाशी पावलं वाजली की मी उठून उभा राहत होतो. दुपारपर्यंत बसलो. बोलवायला कोणी आलं नाही.